दात पांढरे करून घेतल्यावर इनॅमलचा कठीणपणा: परत येतो का, कशाने, किती दिवसांत?

औषधवाला
व्हाइटनिंग करून घेतलेलं गिऱ्हाईक काउंटरवर येतं तेव्हा चिठ्ठीवर चारपैकी एक काहीतरी असतं: जास्त फ्लोराइडची पेस्ट, दुधाच्या प्रथिनातलं कॅल्शियमचं क्रीम, बायोग्लासची (खनिज सोडणाऱ्या काचेच्या भुकटीची) पेस्ट, नाहीतर नॅनो हायड्रॉक्सिअपॅटाइट (इनॅमल ज्याचं बनतं त्या खनिजाचे बारीक कण). चारही खोक्यांवर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, दुरुस्त होतं अशाच अर्थाचा मजकूर. काही चिठ्ठ्यांवर तर दोन-दोन. आधी कोणतं, किती, किती दिवस, याचा पत्ता नाही.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. रात्री दातांवर साच्याचा ट्रे घालून १०% कार्बामाइड पेरॉक्साइडचं पांढरं करणारं जेल दोन आठवडे वापरलेल्या माणसाला साध्या फ्लोराइड पेस्टपलीकडे काही लागत नाही. दवाखान्यातल्या ३५-४०% जेलबद्दल मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही. जाणकारांनी बोलावं.

लिंबूटिंबू
लाह्या घेऊन बसलो आहे. (व्हाइटनिंगनंतर लाह्या चालतात ना? की त्याचंही पथ्य आहे?)

सूक्ष्मदर्शी
कठीणपणा कमी झाला म्हणजे नेमकं काय मोजलं, ते आधी बघू. कारण या विषयातले निम्मे वाद मोजणीचे आहेत.

काढलेल्या दाताचा तुकडा राळेत बसवतात, वरचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट करतात आणि हिऱ्याचं चौकोनी टोक २०० ग्रॅम भाराने साधारण १५ सेकंद दाबतात. उमटलेल्या चौकोनाचा कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. कर्ण ३५ मायक्रॉन आला तर व्हिकर्स आकडा (कठीणपणाचं माप) येतो ३०३. निरोगी इनॅमल याच परिसरात असतं. आतलं डेंटिन ६०-७०. आता कर्ण ३५ ऐवजी ३७ आला की आकडा थेट २७१. म्हणजे दोन मायक्रॉनच्या फरकाने 'कठीणपणा १०% घटला' असा मथळा तयार.

शिवाय टोक आत जातं कर्णाच्या सातव्या हिश्शाइतकं, म्हणजे पाच मायक्रॉन. समोरच्या दाताच्या कडेला इनॅमल दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. ही सगळी चर्चा त्यातल्या सगळ्यात वरच्या पापुद्र्याची आहे. आणि हे मोजमाप तोंडात करता येत नाही. 'पेस्ट वापरली आणि दात टणक झाले' असं कोणी म्हणालं तर त्याने काही मोजलेलं नसतं.

दाढेखाली
सूक्ष्मदर्शी यांना पूर्ण अनुमोदन. त्यात एक भर. काढलेला दात दोन प्रयोगांच्या मध्ये कशात ठेवला यावर निकाल फिरतो. डिस्टिल्ड पाण्यात ठेवला तर घट दिसते आणि दिसतच राहते. माणसाच्या लाळेत ठेवला, किंवा तुकडा माणसाच्या तोंडातच बसवून प्रयोग केला, तर घट कमी दिसते किंवा दिसतच नाही. दंतसंशोधक थॉमस अटिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला होता, त्याचा सूर हाच: परिस्थिती तोंडाच्या जितकी जवळ, तितका धोका कमी.

आता रसायन. १०% कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे जेमतेम ३.५% हायड्रोजन पेरॉक्साइड. बाकी युरिया, जो फुटून अमोनिया होतो आणि पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) वर नेतो. त्यामुळे रात्रीचं ट्रेचं जेल इनॅमलला बरंच सौम्य असतं. ते १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी पुढे आणलं आणि आजही तुलना त्याच्याशीच होते. दवाखान्यातलं तीव्र जेल टिकावं म्हणून काही वेळा आम्ल बाजूला ठेवलेलं असतं. इनॅमल साधारण ५.५ पीएचखाली विरघळू लागतं. म्हणून दोन कामं वेगळी धरा: पेरॉक्साइड इनॅमलमधल्या थोड्याशा सेंद्रिय भागावर हल्ला करतो, आणि जेलचं आम्ल खनिजावर. कठीणपणाचं खरं नुकसान दुसऱ्याचं. टक्केवारी विचारणारे खूप भेटतात, जेलचा पीएच विचारणारं कोणी नाही.

औषधवाला
म्हणजे ४०% पण उदासीन पीएचचं जेल हे २०% पण आम्लीय जेलपेक्षा बरं?

दाढेखाली
खनिजापुरतं बोलायचं तर हो. हिरडी भाजणं आणि दात सणकणं यांचा हिशेब वेगळा, तिथे टक्केवारी बोलते. आणखी एक: काही जेलांचा पीएच दातावर असतानाच घसरत जातो. ४०-४५ मिनिटं एकच थर ठेवण्याऐवजी दर १५ मिनिटांनी बदलतात त्याचं एक कारण हे. अर्थात ज्या जेलवर 'एकच थर' लिहिलंय ते तसंच वापरायचं.

आजीचीराखुंडी
एवढं सगळं करण्यापेक्षा लिंबू आणि खायचा सोडा. घरच्या घरी. ;)

सूक्ष्मदर्शी
स्मायली दिसली, तरी वाचणारे खूप असतात म्हणून लिहितो. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५. सायट्रिक आम्ल नुसतं विरघळवत नाही, कॅल्शियमला धरून ओढूनही काढतं. सोडा त्याला उदासीन करतो खरा, पण चमच्यातलं प्रमाण कोण मोजतंय? एकटा सोडा बिचारा सौम्य आहे, घासण्याच्या मापात अगदी तळाला. लिंबू दातावर आधी लागलं आणि मऊ पडलेल्या थरावर ब्रश फिरला की तो थर गेला. गेलेला थर कोणत्याही पेस्टने परत येत नाही. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच असतात.

कोळशाची भुकटी, राखुंडी, मिश्री हेही याच रांगेत. मिश्रीत तर जळकी तंबाखू. तिथे इनॅमलची चिंता दुय्यम आहे.

पेस्टकार
आता फ्लोराइडचं थोडं, कारण खोक्यावरचे आकडे बहुतेक लोक चुकीचे वाचतात.

सोडियम फ्लोराइडच्या वजनातला ४५% भाग फ्लोराइड असतो. म्हणजे टक्केवारीला ४५०० ने गुणलं की पीपीएम (दहा लाखात किती भाग) मिळतो. ०.२२% म्हणजे १००० पीपीएम. ०.०५% चूळ म्हणजे २२५. १.१% म्हणजे ५०००. ५% वार्निश (दंतवैद्य दातावर लावतात तो फ्लोराइडचा लेप) म्हणजे २२,६००. सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेटमध्ये मात्र फ्लोराइड फक्त १३%, म्हणून त्याचं ०.७६% हेही १००० पीपीएमच. ०.७६ दिसलं म्हणून ते ०.२२ पेक्षा तिप्पट जोरदार ठरत नाही.

भारतात टूथपेस्टला १००० पीपीएमची मर्यादा आहे. युरोपात १४५० च्या आसपासच्या पेस्टी सरसकट मिळतात.

खडूवर आधारलेल्या स्वस्त पेस्टीत सोडियम फ्लोराइड घातलं तर ट्यूबमध्येच कॅल्शियमशी जुळून निकामी होतं. म्हणून तिथे मोनोफ्लुरोफॉस्फेट. ते फुटायला लाळेतलं एन्झाइम आणि थोडा वेळ लागतो. व्हाइटनिंगनंतरच्या दोन आठवड्यांसाठी निवड असेल तर मी सिलिकावाली सोडियम फ्लोराइडची पेस्ट सुचवेन. 'व्हाइटनिंग' लिहिलेली पेस्ट त्या काळात बाजूला ठेवायची. ती बहुधा घासूनच डाग काढते, आणि त्यावेळी घासणंच नको असतं.

लंडनची_वारी
पेस्टकार, एक पुरवणी. इकडे ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात ०.१% पेक्षा जास्त पेरॉक्साइड दुकानात विकता येत नाही. ६% पर्यंतचं फक्त दंतवैद्यामार्फत, पहिला वापर त्यांच्या देखरेखीखाली, १८ वर्षांखाली बंद. त्यामुळे भारतातून येताना ३५% चं जेल बॅगेत घालून आणायचं डोकं कोणी चालवू नये.

पंढरकवडा
प्रश्न जरा वेगळा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. तिथली तरुण मुलं लग्नाआधी दातांचे पिवळे-तपकिरी डाग घालवायला व्हाइटनिंग करतात. त्यांना वर आणखी फ्लोराइड लावा म्हणायचं? घरचे ऐकत नाहीत. 'त्यानेच तर दात गेले' म्हणतात.

दाढेखाली
प्रश्न वेगळा नाही, महत्त्वाचा आहे. फ्लोरोसिस, म्हणजे हे डाग, होतो तो दात जबड्यात तयार होत असताना पोटात गेलेल्या फ्लोराइडने. समोरच्या दातांसाठी तो काळ लहानपणीच संपतो. बाहेर आलेल्या दातावर लावून थुंकलेल्या फ्लोराइडने फ्लोरोसिस होत नाही. तेव्हा वीस-बावीस वर्षांच्या मुलाला पेस्ट, जेल, वार्निश सगळं चालतं. घरात आठ वर्षांखालचं मूल असेल तर जास्त फ्लोराइडची ट्यूब त्याच्या हाती लागू द्यायची नाही, आणि पिण्याच्या पाण्याची तपासणी करायची, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पाणीच बदलायचं.

या दातांत इनॅमलचा वरचा पापुद्रा घट्ट आणि त्याखालचा भाग सच्छिद्र असतो. व्हाइटनिंगने तपकिरी छटा उतरते, पण पांढरे ठिपके पहिले काही दिवस उलट उठून दिसतात, कारण दात कोरडा पडलेला असतो. आठवडाभरात पाणी परत मुरलं की बरेच फिके होतात. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी पेशंट भांडायला येतो.

डागांसाठी मायक्रोअब्रेजन केलं असेल, म्हणजे ६.६% हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सिलिकॉन कार्बाइडने घासणं, तर तिथे थर खरोखर काढलेला आहे. कठीणपणा परत आणायची भाषा तिथे अर्धीच लागू पडते. उरलेला थर पक्का करता येतो, गेलेला नाही.

पंढरकवडा
धन्यवाद. पोटात जाणं आणि दातावर लागणं हा फरक समजावला की घरचे ऐकतील असं वाटतं.

कॅल्शियमभक्त
सगळे फ्लोराइडचीच आरती करताहेत, म्हणून विरोधी बाजू मांडतो. फ्लोराइड स्वतः खनिज आणत नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट लाळेतून यायचं असतं. लाळ कमी असेल तर फ्लोराइड एकटं काय करणार? मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स यांच्या गटाने केसिन फॉस्फोपेप्टाइडचं जे काम केलं ते याचसाठी: दुधातल्या प्रथिनाचा तुकडा कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेल्या अवस्थेत धरून दातापाशी नेतो. बायोग्लास पाण्याला लागला की सोडियम सोडतो, पीएच वर जातो, कॅल्शियम-फॉस्फेट बाहेर पडून थर बसतो. हे सगळं 'पैशाचा खेळ' म्हणून उडवून लावणं बरं नाही.

औषधवाला
'खेळ' हा शब्द माझ्या पहिल्या प्रतिसादात नाहीच, पण आशय तोच होता हे कबूल. :) लाळ कमी असलेल्यांपुरतं तुमचं म्हणणं पटलं. पण लाळ कमी आहे हे ओळखायचं कसं?

दाढेखाली
सोपं आहे. सकाळी काही न खाता-पिता शांत बसून पाच मिनिटं लाळ मापाच्या छोट्या कपात पडू द्यायची, ओढून थुंकायची नाही. दीड ते दोन मिली आली तर ठीक. अर्ध्या मिलीच्या खाली असेल तर ते कोरडं तोंड. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, डोक्या-मानेचं रेडिएशन ही नेहमीची कारणं. अशांनी आधी त्याचा बंदोबस्त करावा, व्हाइटनिंग नंतर.

लाळ ठीक असलेल्यांत फ्लोराइड पेस्टच्या वर केसिनचं क्रीम किती भर घालतं, याचा पुरावा मला पातळ वाटतो. नुकसान नाही, खर्च आहे. मात्र दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर अजिबात नाही. दूध पचत नाही, एवढंच असेल तर सहसा अडचण येत नाही. काउंटरवर हा फरक विचारून घ्या.

पेस्टकार
बायोग्लासबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. ती पेस्ट बिनपाण्याची, ग्लिसरीनमध्ये केलेली असते, कारण पाणी लागलं की क्रिया सुरू. ट्यूबचं तोंड ओल्या ब्रशला टेकवत राहिलं की तोंडाजवळ खडे जमतात आणि लोक 'पेस्ट खराब निघाली' म्हणून परत आणतात. कोरड्या ब्रशवर घ्यायची.

सूक्ष्मदर्शी
आणि नॅनो हायड्रॉक्सिअपॅटाइटवाल्यांनीही उडी मारण्याआधी थांबावं. जपानमध्ये दात किडण्याविरुद्धचा घटक म्हणून त्याला १९९३ पासून मान्यता आहे, हे खरं. पण सपाट तुकड्यावर कण बसले की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि हिऱ्याच्या टोकाखाली आकडा सुधारतो. भेगा लिंपल्या म्हणून सुधारला की आत खनिज परत गेलं म्हणून, ते नुसत्या व्हिकर्सवरून कळत नाही. त्यासाठी तुकडा आडवा कापून खोलीनुसार मोजावं लागतं.

घाईघाई
एवढं वाचून दात दुखायला लागले. कोणी नुसतं 'काय करायचं' सांगेल का?

दाढेखाली
ट्रेवाल्यांसाठी आणि दवाखान्यातल्या जेलवाल्यांसाठी पहिले दोन आठवडे असे:

रात्री मऊ ब्रश, सोडियम फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं. थुंकायचं, चूळ भरायची नाही. पाण्याने खळखळून चूळ भरली की लावलेलं फ्लोराइड बेसिनमध्ये. भारतीय सवय सोडायला हाच भाग सगळ्यात अवघड. केसिनचं क्रीम घ्यायचंच असेल तर ते यानंतर: वाटाण्याएवढं बोटावर घेऊन दातांच्या पुढच्या बाजूला, तीन मिनिटं तसंच, मग जिभेने मिनिट-दोन मिनिटं पसरवायचं, जास्तीचं थुंकायचं, अर्धा तास काही नाही. रात्री लाळ कमी असते म्हणून वेळ रात्रीची.

सकाळी नाश्त्याआधी ब्रश. नाश्त्यात संत्र्याचा रस, लिंबू सरबत वगैरे असेल तर नंतर ब्रश करायचाच नाही.

दवाखान्यात तीव्र जेल झालं असेल तर त्याच बैठकीत उदासीन २% सोडियम फ्लोराइडचं जेल चार मिनिटं किंवा वार्निश. वार्निशनंतर त्या दिवशी कडक आणि गरम खाणं नको, ब्रश दुसऱ्या सकाळी. पिवळसर वार्निश असेल तर पेशंटला आधी सांगा. हजारो रुपये मोजून पांढरे केलेले दात आरशात पिवळे दिसले की काय होतं, ते वेगळं लिहायला नको.

फ्लोराइड आधी लावलं तर पांढरेपणा कमी येईल ही भीतीही सोडा. पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान आहे की मिनिटांत इनॅमल ओलांडून डेंटिनपर्यंत पोचतो.

कॅल्शियमभक्त
आम्लीय फॉस्फेट-फ्लोराइडचं जेल का नाही? १२,३०० पीपीएम, आणि आम्लामुळे कॅल्शियम फ्लोराइडचे कण दातावर जास्त बसतात. ते साठ्यासारखे राहतात आणि पुढे पीएच खाली गेला की फ्लोराइड सोडतात. रसायन माझ्या बाजूने आहे.

दाढेखाली
रसायन तुमच्या बाजूने, पेशंट नाही. पीएच ३.५ च्या आसपासचं जेल नुकत्याच पेरॉक्साइड लावलेल्या, आधीच सणकणाऱ्या दातांवर लावायचं? शिवाय समोर पोर्सिलिनची कॅप किंवा व्हिनियर असेल तर त्याची चकाकी जाते. किडीचा धोका जास्त असलेल्या, कॅप नसलेल्या माणसाला दोन आठवड्यांनी द्या, माझी हरकत नाही. व्हाइटनिंगच्या दिवशी नको.

कॅल्शियमभक्त
कॅपचा मुद्दा मान्य. बाकी मतभेद कायम ठेवतो.

घाईघाई
आणि दात सणकतात त्याचं काय? इनॅमल मऊ पडलंय म्हणूनच ना?

सूक्ष्मदर्शी
नाही. पेरॉक्साइड आतल्या मज्जेपर्यंत जाऊन तिथे तात्पुरती चिडचिड करतो म्हणून. कठीणपणाशी थेट संबंध नाही. ५% पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट नस शांत करते, इनॅमलला एक कणही देत नाही. आणि उलटंही खरं: सणकणं थांबलं म्हणजे खनिज भरलं असं नाही. सहसा ते दोन-चार दिवसांत आपोआप ओसरतं.

पेस्टकार
पोटॅशियम नायट्रेट ट्रेमध्येच १०-३० मिनिटं घालून ठेवलं तर ब्रशपेक्षा लवकर गुण येतो. व्हाइटनिंगच्या आधी घातलं तर आणखी बरं.

आजीचीराखुंडी
आता खरा प्रश्न. जेवायचं काय? 'पांढरं खा' म्हणतात. दोन दिवस दहीभात?

दाढेखाली
तुमचा या धाग्यावरचा सगळ्यात उपयोगी प्रश्न. दह्याचा पीएच चारच्या आसपास, म्हणजे कागदावर इनॅमलला घातक. पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की दातातलं खनिज ओढून घेण्याचं कारण उरत नाही. म्हणून दहीभात, ताक चालतं. त्याच आंबटपणाचं कोकम सरबत, चिंचेचं सार, लिंबू सोडा चालत नाही. दात आंबल्यासारखे वाटतात ते याच पदार्थांनी. सोलकढीत नारळाचं दूध असलं तरी त्या नादाने तिला ताकाच्या रांगेत बसवू नका.

हळदीचं म्हणाल तर वरणाने दात पिवळे होत नाहीत, पण पहिले दोन दिवस रंग पटकन धरतो. चहा थेट सोडवत नसेल तर एका बैठकीत प्या, तासभर घोट-घोट नको. रंगाइतकाच तो साखरेचाही प्रश्न आहे, लाळेला पीएच सावरायला वेळ मिळत नाही.

लिंबूटिंबू
लाह्या संपल्या. माझं नाव बदलायला देतो.

औषधवाला
आता मूळ प्रश्नाकडे. मी काउंटरवर लावायला असा कागद करतोय, चूक असेल तर सांगा. लाळ ठीक, १०% चा ट्रे: १००० पीपीएम सोडियम फ्लोराइड पेस्ट, चूळ नाही, आंबट टाळा, दोन आठवडे. दवाखान्यातलं तीव्र जेल: वरचं सगळं, अधिक त्याच दिवशी उदासीन जेल किंवा वार्निश. कोरडं तोंड: दंतवैद्याकडे परत, ५००० पीपीएम आणि कॅल्शियमवालं क्रीम त्यांच्या सांगण्यावरून. सणकतं: पोटॅशियम नायट्रेट, पण फ्लोराइड असलेलं.

सूक्ष्मदर्शी
चालेल. फक्त 'दोन आठवडे' याचा अर्थ तेवढ्या दिवसांत कठीणपणा परत येतो असा आहे; त्यानंतर फ्लोराइड पेस्ट बंद करायची असा नाही. हे ठळक लिहा.

पंढरकवडा
त्या कागदात भर घालावी लागेल. समोरच्या दातातलं जुनं सिमेंट (फिलिंग) आता पिवळं दिसतंय, ते लगेच बदलून हवं, असं म्हणत पेशंट चौथ्या दिवशी येतात.

दाढेखाली
फिलिंगचा रंग व्हाइटनिंगने बदलत नाही, त्यामुळे ते बदलावं लागणारच, पण चौथ्या दिवशी नाही. इनॅमलमध्ये अडकलेला ऑक्सिजन कॉम्पोझिटची (दाताच्या रंगाच्या फिलिंगची) राळ नीट घट्ट होऊ देत नाही, पकड कमी येते. एक आठवडा किमान, दोन बरे. तोवर रंगही स्थिरावतो, नाहीतर आज जुळवलेली छटा पंधरा दिवसांनी दाताहून पांढरी दिसते. अगदीच अडलं तर १०% सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट लावून धुतात, त्याने पकड बऱ्यापैकी सुधारते, पण रंगाचा प्रश्न राहतोच. थांबवा त्यांना.